साहेबाने दिलेली पेटी आणि बाकीच्या चार वस्तू

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. माझ्या शब्दांत तो असा: ठाण्याच्या चरईतलं तुमचं जुनं घर पुनर्विकासाला गेलंय, महिनाभरात रिकामं करायचंय. माळ्यावरून आणि आजोबांच्या खोलीतून पाच वस्तू निघाल्या. बारीक नक्षीची लिहायची पेटी, काळी कोरीव खुर्ची, घारापुरीच्या लेण्यांचं फ्रेम केलेलं चित्र, चांदीचा चहाचा सेट आणि पितळी दुर्बीण. पणजोबा ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत शिरस्तेदार होते, आणि हे सगळं ‘साहेबाने विलायतेला परत जाताना दिलं’ असं घरात सांगितलं जातं. एका दलालाने पाचांचे मिळून ७५ हजार सांगितलेत, सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. वस्तू अस्सल आहेत का आणि किंमत किती, असं तुम्ही विचारताय.

मी गेली अठ्ठावीस वर्षं ठाण्यात जुन्या वस्तूंची दुरुस्ती आणि मूल्यांकन करते. फोटो पाहून मी आकडा सांगत नाही, तुम्हालाही सांगणार नाही. पण आकड्याच्या आधीची गोष्ट सांगते. तुम्ही पाच वस्तूंची एकच गोष्ट केली आहे आणि दलालाने त्यांचा एकच भाव केला आहे. दोन्ही आधी सुटे करा. प्रत्येक वस्तूला आपलं वय असतं, आपला कारागीर असतो, आपला कायदाही असतो. आणि बहुतेक वेळा आपला साहेबही वेगळा असतो, किंवा मुळात नसतोच.

साहेबाचं आधी बोलू. असं ‘साहेबाने दिलेलं’ सामान मी ठाणे, कल्याण, पनवेल, अलिबाग इथल्या इतक्या घरांत पाहिलंय की सगळं खरं धरलं तर साहेब लोक इथे कारभार करायला नव्हे, वाटप करायलाच आले होते असं वाटेल. काही दिलं असेलही. पण बदली झालेला, विलायतेला निघालेला किंवा इथेच वारलेला युरोपियन माणूस मागे ठेवायचा ते सामान साधारणपणे लिलावात जायचं आणि ते घेणाऱ्यांत कचेरीतले आपले लोक असायचे. दुसरं म्हणजे ज्याला आज ‘अँग्लो-इंडियन’ म्हणतात ते सामान साहेबासाठीच बनायचं असंही नाही. इथे या शब्दाचा अर्थ तो समाज नव्हे, शैली: घाट विलायती, हात आणि लाकूड इथलं. मुंबईतली पारशी, बोहरी, भाटिया घरं असलं सामान स्वतःच्या पैशाने बनवून घ्यायची. ऐपत आली की आपलेही घ्यायचे.

कल्याणच्या एका घरातली लिहायची पेटी माझ्याकडे बिजागरी बदलायला आली होती. दौत ठेवायच्या खणाशेजारची फळी जरा जास्तच सैल लागली म्हणून दाबली, तर ती स्प्रिंगने पुढे आली. मागे तीन चिमुकले चोरखण. एकात मोडीत लिहिलेली चिठ्ठी. मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांनी ती लावून दिली: पुण्याच्या छावणीतल्या लिलावात घेतलेल्या सामानाची यादी, पुढे रकमा. म्हणजे साहेबाने पेटी दिली नव्हती, पणजोबांनी रोख मोजून घेतली होती. नातवाचा चेहरा उतरला. मी त्याला म्हटलं, अहो, ही चिठ्ठी पेटीपेक्षा मोलाची आहे. वस्तू कुठून, कधी, कोणाकडे आली याचा कागद हाती असणं शंभरात एखाद्याच्या नशिबी येतं. तेव्हा तुमची पेटी कुणाला दाखवण्याआधी तिचे सगळे खण हलक्या हाताने दाबून पाहा. आणि माळ्यावरचे कागद रद्दीत घालू नका, त्यात बिलं, फोटो, पत्रं असतील. जुन्या फोटोत तीच खुर्ची मागे दिसली तरी तो पुरावाच.

आता पेटी. तुमच्या फोटोत जी चांदण्या-षटकोनांची बारीक नक्षी दिसते तिला साडेली म्हणतात. हे काम शिराझहून सिंधमार्गे सुरतेला आणि मुंबईला आलं असं मानतात. १९व्या शतकात ते इतकं नावारूपाला आलं की इंग्रज अशा पेट्यांना सरळ ‘बॉम्बे बॉक्स’च म्हणू लागले. हस्तिदंत, शिंग, आबनूस, रंगवलेलं हाड आणि कथलाची तार यांच्या बारीक काड्या सरसाने जोडून जुडी करायची, मग काकडीसारख्या तिच्या पातळ चकत्या कापायच्या आणि त्या चंदनाच्या किंवा दुसऱ्या लाकडाच्या पेटीवर शेजारी शेजारी चिकटवायच्या. त्यामुळे अस्सल कामात दहापट भिंगाखाली दोन चकत्यांमधली शीव दिसते, एखादी चकती किंचित तिरकी बसलेली दिसते, कथील काळपट-राखाडी झालेलं असतं. आजच्या नकलेत नक्षी छापील पातळ पत्र्यावर असते. तिला शीव नसते आणि धातूच्या जागी नुसता चंदेरी रंग असतो. झाकण उघडल्यावर अजूनही चंदनाचा वास येत असेल तर चांगली खूण, पण चंदनाचं तेल फासायलाही कोणी विसरत नाही, तेव्हा नाकावर एकट्यावर भिस्त नको. साधारणपणे १९व्या शतकाच्या पूर्वार्धातलं काम जास्त बारीक आणि नेमकं असतं. पुढे मागणी वाढली तशी नक्षी मोठी आणि हात घाईचा होत गेला.

पेटी उलटी करा. मी कुठल्याही वस्तूचा पहिला फोटो तळाचा मागते. दर्शनी बाजू गिऱ्हाइकासाठी असते, तळाला कारागीर स्वतःशी बोलत असतो. तळावर बोटं फिरवा. हाताच्या रंध्याने काढलेल्या लाकडावर हलक्या लाटा जाणवतात, मशीनचा तळ सपाट लागतो. करवतीचे ओरखडे अर्धगोल असतील तर चकतीची करवत आली आणि त्याबरोबर वय खाली आलं. बिजागरीचा एक स्क्रू, फक्त एकच आणि तोही सहज निघत असेल तर, काढून बघा. टोक बोथट आणि डोक्यावरची खाच मध्यापासून सरकलेली असेल तर तो हाताने केलेला. टोकदार मशीनचे स्क्रू साधारण १८५० च्या आसपासपासून रुळले. मात्र आपले सुतार जुने स्क्रू टाकून देत नसत, तेव्हा जुना स्क्रू वयाची खात्री देत नाही. उलट सगळे स्क्रू नवे आणि लाकडात जुनी मोकळी भोकं दिसली, तर कोणीतरी नंतर हात घातलाय हे नक्की.

पेटीच्या बाबतीत एक कडू गोष्ट आहे. पाचांत कारागिरीने ती सर्वांत सरस असेल, पण हस्तिदंताची निघाली तर भारतात तिला विक्रीचा भावच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पुढे ज्या दुरुस्त्या झाल्या त्यांनी हत्तीच्या दाताचा व्यापार बंद केला, भारतीय हत्तीचा १९८६ मध्ये आणि आफ्रिकी हत्तीचा १९९१ मध्ये. वस्तू दीडशे वर्षं जुनी आहे ही सबब विक्रीला चालत नाही. नुसती बाळगायलाही मालकीचं प्रमाणपत्र लागतं. २००३ मध्ये सरकारने अशा वस्तू जाहीर करायला १८० दिवसांची मुदत दिली होती. वडिलांनी तेव्हा काही अर्ज केला होता का, तो कागद आधी शोधा. सापडला नाही तर वन्यजीव कायदा जाणणाऱ्या वकिलाला विचारून वनविभागाकडे जा, दलालाकडे नको. हस्तिदंत की हाड हे ओळखायला तापलेली सुई टोचायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका, वस्तू कायमची डागाळते. भिंगाखाली हाडात बारीक काळपट ठिपके आणि रेघोट्या दिसतात, त्या हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या जागा. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेषांचं जाळं असतं. साडेलीतले तुकडे तांदळाच्या कणीएवढे, त्यात हे जाळं दिसत नाही. म्हणून कडेच्या रुंद पट्ट्या बघा. पट्टी हाडाची आणि मधले कण हस्तिदंताचे असंही असू शकतं, तेव्हा शेवटचा निर्णय पेटी हातात घेणाऱ्या तज्ज्ञावर सोडा.

चित्राकडे मी सर्वांत उत्सुकतेने बघतेय. खाली ‘डॅनिएल’ असं छापलेलं आहे असं तुम्ही लिहिलंय. थॉमस डॅनिएल आणि त्याचा पुतण्या विल्यम यांनी भारतभर फिरून काढलेल्या दृश्यांचे १४४ छाप १७९५ ते १८०८ या काळात लंडनला प्रसिद्ध केले. घारापुरीची लेणी त्यांत आहेत. हे छाप ॲक्वाटिंट पद्धतीचे, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर तेजाबाने दाणेदार छटा उमटवून छापलेले, वर हाताने रंग भरलेले. मोठ्या आवृत्तीतली चित्रं सुमारे दीड फूट बाय दोन फूट. पुढे १८१२ ते १८१६ मध्ये लहान आकाराची आवृत्तीही निघाली. आणि त्यानंतर आजपर्यंत कॅलेंडरं, हॉटेलांच्या भिंती, बँकांच्या डायऱ्या यांसाठी याच चित्रांच्या किती नकला छापल्या गेल्या त्याला गणती नाही.

फरक कळायला भिंग पुरे. आकाशाचा फिकट भाग बघा. वाळूच्या कणांसारखा वेडावाकडा, जाळीदार दाणा दिसला तर ॲक्वाटिंट. एका ओळीत, सारख्या अंतरावर बसलेले ठिपके, किंवा निळ्या-गुलाबी-पिवळ्या ठिपक्यांची फुलं दिसली तर ते यंत्राच्या छपाईचं काम. ते १८८० च्या आधीचं असूच शकत नाही, बहुधा गेल्या साठ-सत्तर वर्षांतलं. चित्राभोवती कागदात दबलेली चौकट लागली तर ती तांब्याच्या पत्र्याची खूण, पण कडा कापून फ्रेम केली असेल तर ती गेलेली असते. कागद उजेडासमोर धरला की ‘जे. व्हॉटमन’ आणि साल असं जलचिन्ह कधी कधी दिसतं. मात्र यासाठी फ्रेम घरी उघडू नका. जुना कागद मागच्या पुठ्ठ्याला चिकटलेला असतो, ओढला की कांद्याच्या सालासारखा सुटतो. सध्या फ्रेम उलटी करून मागचा फोटो काढा. फ्रेमवाल्याची जुनी चिठ्ठी, चुका, पुठ्ठ्याला लागलेली कसर, सगळं येऊ द्या.

इथे थोडं विषयांतर करते, कारण तुम्ही ठाण्याचे. डॅनिएल काका-पुतण्यांबरोबर घारापुरीला गेलेला जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार होता. पुण्याच्या दरबारात सवाई माधवरावांची, नाना फडणविसांची, महादजी शिंद्यांची चित्रं त्याने काढली. साष्टी बेटावरची लेणी रेखाटता रेखाटता तो आजारी पडला आणि नोव्हेंबर १७९५ मध्ये इथे, आपल्या ठाण्यात वारला. त्याने वेरूळला काढलेल्या रेखाटनांवरून पुढे थॉमस डॅनिएलने छाप केले. त्याच्या हाताखाली पुण्याचा गंगाराम तांबट काम शिकला. गंगारामची रेखाटनं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. हे सांगायचं कारण असं की साहेबाच्या नावाच्या छापील चित्रापेक्षा सही नसलेलं, आपल्या माणसाने विलायती कागदावर काढलेलं एखादं जलरंगातलं चित्र कितीतरी दुर्मीळ असतं. घरात माणसं घोड्यापेक्षा मोठी, इमारत एकीकडून सरळ एकीकडून तिरकी, असं काही ‘कच्चं’ चित्र असेल तर तेही बाजूला काढा. त्याला कंपनी शैली म्हणतात, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात इथल्या चित्रकारांनी विलायती धाटणीत काढलेली चित्रं. तुम्ही पाच वस्तू लिहिल्यात, सहावी अजून माळ्यावर असू शकते.

खुर्ची बहुधा चांगली आहे. काळं शिसवी लाकूड, पाठीला आरपार कोरलेली पानं, पाय जड. मुंबईत १९व्या शतकात या कामाचा मोठा धंदा होता. बघायचं ते इतकंच: हाताच्या टोकाला जिथे पिढ्यानपिढ्या तळवे घासलेत तिथे लाकूड जांभळट-तपकिरी दिसतं का. तिथे फिकट पिवळं दिसलं तर सागवानाला काळं पॉलिश केलंय. वेत खुर्चीच्या चौकटीतल्या भोकाभोकांतून ओवलेला असेल तर हाताचं विणकाम, चरात दाबून बसवलेली तयार चटई असेल तर नंतरची. पण वेत दर काही वर्षांनी बदलावाच लागतो, तेव्हा त्याने खुर्चीचा निकाल लागत नाही. गोल टीपॉयही असेल तर मोजपट्टी घेऊन रेषेच्या दिशेने आणि रेषेला आडवं असं दोन्हीकडून मोजा. शंभर पावसाळे पाहिलेलं लाकूड आडवं आकसतं, गोल राहत नाही. नवं टीपॉय अगदी गोल असतं.

आणि कृपा करून पॉलिश करू नका. पहिल्याच वर्षी मी पनवेलच्या एका गिऱ्हाइकाचं शिसवी टीपॉय घासून, जुना काळा थर काढून, आरशासारखं चकचकीत केलं होतं. माझे गुरू सुतार, त्यांना आम्ही मेस्त्री म्हणायचो, काही बोलले नाहीत. त्यांनी ते टीपॉय उचललं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं. तो काळा थर म्हणजे लाख, धूर, तेल आणि शंभर वर्षांचे हात. गिऱ्हाईक खूश होतं, मी आजही नाही.

चहाच्या सेटवर फार वेळ घालवायला नको. तळाशी ‘ई.पी.एन.एस.’ अशी अक्षरं आहेत का पाहा. असतील तर ती चांदी नाही, चांदीचा मुलामा आहे, आणि आपल्याकडच्या घरांतले निम्म्याहून जास्त ‘चांदीचे’ सेट माझ्या अनुभवात तसेच निघतात. चालणारा सिंह दिसला तर विलायती ९२.५ टक्क्यांची चांदी. काहीच शिक्का नसेल किंवा फक्त कारागिराची अक्षरं असतील तरी निराश होऊ नका. इथल्या चांदीवर विलायतेसारखी सक्तीची तपासणी नव्हती. गच्च वेलबुट्टी आणि तळाशी ‘ओ. एम. भुज’ असेल तर ते कच्छच्या उमरशी मावजींचं काम, देवदेवतांच्या आकृती असतील तर मद्रास किंवा पुणे छावणीकडचं असू शकतं. अशांची किंमत वजनाच्या कितीतरी वर जाते. सराफाकडे नेलात तर कसोटीवर घासू देऊ नका, मशीनवर तपासायला सांगा आणि वजन लिहून घ्या. वजन गुणिले आजचा भाव हा तुमचा तळ. त्याच्या खाली कोणी बोलत असेल तर बोलणं तिथेच थांबवा.

दुर्बिणीवर ‘लंडन’ आणि मोठं ठसठशीत साल कोरलंय म्हणता. रुडकीला असली पितळी दुर्बिणी-होकायंत्रं आजही बनतात, मुंबईच्या चोरबाजारात ती ढिगाने मिळतात. शोभेला ठेवा. माझा अंदाज चुकला तर आनंदच आहे.

किंमत. ती कशासाठी हवी यावर ती ठरते. चुलत भावंडांत वाटणी करायची तर सगळ्यांना मान्य होईल असा मधला आकडा लागतो. विम्याला तशीच वस्तू आज नव्याने मिळवायचा खर्च. विकायचं तर समोरचा घेणारा काय देईल ते. लिलावात आणि दलालाकडे एकाच वस्तूचे आकडे वेगळे येतात, त्यात चोरी असतेच असं नाही. दलालाला वाहतूक, दुरुस्ती आणि दोन-तीन वर्षं माल सांभाळणं परवडायला हवं. खुर्चीसारखं जड सामान म्हणूनच दिसण्याच्या मानाने स्वस्त जातं, नव्या फ्लॅटच्या लिफ्टमध्ये ते मावत नाही. कागद आणि चांदी सहज हलतात, म्हणून त्यांना गिऱ्हाईक दुरूनही येतं.

तुमच्या चुलत भावाला चित्र न्यू जर्सीला न्यायचंय असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली देशाबाहेर नेता येत नाही, घरची असली तरी. शंभर वर्षांची नसेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला घेऊन नेता येते. चित्रं, शिल्पं, सचित्र पोथ्या यांची त्याच कायद्याखाली नोंदणीही लागते. म्हणजे चित्र अस्सल निघालं तर ते इथेच राहणार, हे भावाला आत्ताच सांगा. नंतर विमानतळावर कळण्यापेक्षा बरं.

घर बदलताना वस्तू प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, खाडीकडच्या या दमट हवेत आत घाम धरतो. जुनी सुती धोतरं, साड्या उत्तम. साडेलीचा तुकडा सुटला तर घरच्या डिंकाने चिकटवू नका, पाकिटात घालून पेटीतच ठेवा. वेळ असेल तर भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात एक चक्कर मारा, उघडं आहे ना हे आधी पाहून. १९व्या शतकातली चांदी, लाकूड, हस्तिदंत यांचं अस्सल काम एकदा तास-दीड तास नजरेखालून गेलं की नकली पटकन खटकायला लागतं.

राहिला सोमवारचा दलाल. जो माणूस पाच वस्तूंचा एकत्र भाव करतो तो बहुधा एकीसाठीच आलेला असतो, बाकीच्या चार ती झाकायला. त्याला नाही म्हणू नका. चहा द्या आणि सांगा, पेटी सध्या बाजूला, दुर्बीण आम्ही ठेवतोय, उरलेल्या तीन वस्तूंचे किती? मग म्हणा, दुर्बीण घ्या, खुर्ची ठेवतोय. मग सेट, मग चित्र. पेटी मात्र या खेळात घेऊ नका, तीत हस्तिदंत नाही हे ठरेपर्यंत ती विकायची नाहीये. प्रत्येक वेळी तो काय आकडा सांगतो ते लिहून ठेवा. ज्या वस्तूचं नाव काढल्यावर आकडा कोसळेल, तिच्या मागच्या बाजूचा आणि तळाचा फोटो मला पाठवा. खिडकीच्या उजेडात काढा, फ्लॅश नको.